शिकागोची पोरं डीपॉलला का जात नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोच्या सबर्बमध्ये राहणारे एक दादा आहेत, पोरगा नववीत, बास्केटबॉलचं वेड डोक्यात गेलेलं. त्यानं बापाला विचारलं की डेरिक रोझ, अँथनी डेव्हिस, जबारी पार्कर, जलील ओकाफोर हे एनबीएत गेलेले सगळे आपल्या शिकागोचे ना, मग शहरात डीपॉल युनिव्हर्सिटी आहे, दोन-अडीच तासांवर शँपेनला इलिनॉय आहे, तरी यातला एकही घरच्या कॉलेजला का गेला नाही, सगळे ड्यूक नाहीतर केंटकी नाहीतर मेम्फिसला का पळाले? बापाला काही सांगता आलं नाही म्हणून ते मला विचारतायत, आणि शेवटी हळूच दुसरा प्रश्न जोडलाय की उद्या आमच्या पोरावर वेळ आलीच तर त्यानं काय करावं.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं कितपत खरं मानायचं ते कळेल. मी मूळची नागपूरची, सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून खेळ शिकलेली, लग्नानंतर इकडे आले आणि गेली एकवीस वर्षं इथल्या एका हायस्कूलला असिस्टंट कोच आहे, उन्हाळ्यात क्लब टीम चालवते, मुलं-मुली दोन्ही. देशात टॉप पाचमधला पोरगा माझ्या हाताखालून कधी गेला नाही, उगाच खोटं कशाला बोलू, समोरून खेळताना पाहिलेत एवढंच. पण त्याच्या खालच्या लेव्हलची, दोन-चार डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, ऑफर आलेली पोरं मात्र खूप जवळून पाहिलीत, त्यांच्या आईबापांची रात्री अकराची फोनाफोनी पण ऐकलीय.

पहिली गोष्ट म्हणजे कायम असंच होतं असं नाही. डीपॉलला रे मायर नावाचे कोच होते, १९४२ ते १९८४, बेचाळीस सीझन एकाच जागी. त्यांच्याकडे मार्क अग्वायर आला तो शिकागोचाच, त्याच्या मागोमाग आलेला टेरी कमिंग्ज पण शिकागोचा, आणि १९७९ ला अग्वायरला घेऊन डीपॉल फायनल फोरला, म्हणजे देशातल्या शेवटच्या चार टीममध्ये, गेलं, तिथं लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटकडून ७६-७४ नं हरलं. अग्वायर १९८१ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला गेला. त्या काळात डीपॉलच्या मॅचेस डब्ल्यूजीएन चॅनलवर लागायच्या आणि ते चॅनल केबलवरून देशभर दिसायचं, म्हणजे घरी राहूनही देशाला दिसता यायचं. ही सोय तेव्हा फार कमी कॉलेजांकडे होती. नंतर ईएसपीएन हे खेळाचं चॅनल आलं, सगळ्यांच्याच मॅचेस सगळीकडे दिसायला लागल्या, आणि डीपॉलचा तो एक्का गेला.

त्यात डीपॉल १९८० मध्ये खेळायला गेलं रोझमाँटला, एअरपोर्टजवळच्या मोठ्या स्टेडियममध्ये. कॅम्पस इकडे लिंकन पार्कला आणि मॅच तिकडे विमानांच्या खाली. जिंकत होते तोवर लोक आले, हरायला लागल्यावर कोण कशाला जातंय हिवाळ्यात तेवढं लांब. मी तिथं बऱ्याच मॅचेस पाहिल्यात, काही वेळा इतकी कमी माणसं की कोचची शिवी वरच्या रांगेत स्पष्ट ऐकू यायची. २०१७ ला शहरात विन्ट्रस्ट अरिना झालं आणि टीम परत आली, पण तोवर सदतीस वर्षं गेली होती. २००४ नंतर २०२५ पर्यंत एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, एकदाही नाही, आणि २०२३-२४ ला तर ३ जिंकल्या २९ हरल्या, त्यांच्या बिग ईस्ट लीगमध्ये ०-२०. आता सांगा, सोळा वर्षांच्या पोरानं शेवटचं चांगलं डीपॉल पाहिलंच नाहीये, त्याच्यासाठी ते फक्त मामाच्या गोष्टीतलं आहे. त्याला घरची ओढ नाही म्हणतात लोक, अहो ओढ लागायला काहीतरी दिसलं तर पाहिजे ना.

आपल्याकडे लगेच म्हणतील, पिकतं तिथे विकत नाही. मला ते इथं पटत नाही. गिऱ्हाईक असतं हो, घरचं कॉलेज जीव टाकत असतं त्या पोरावर. पण आमच्याकडे संत्र्याचं कसं असतं, फळ झाडावर असतानाच व्यापारी येऊन अख्खी बाग ठरवून जातो, मंडईत तुम्ही पिशवी घेऊन पोचता तेव्हा त्या संत्र्याचा निर्णय कधीच झालेला असतो. इथं अगदी तेच आहे. टीव्हीवर पोरगा टेबलावर पाच कॉलेजांच्या टोप्या मांडून बसतो आणि एक उचलून डोक्यावर घालतो ना, तो निव्वळ तमाशा असतो, खरा सौदा दोन-तीन वर्षं आधी सुरू झालेला असतो.

सुरू कुठं होतो तर उन्हाळ्यात. शाळेचा सीझन संपला की चांगली पोरं क्लब टीमकडून खेळतात, याला सगळे एएयू म्हणतात, आणि त्यातल्या वरच्या टीम बुटांच्या कंपन्या पोसतात. प्रत्येकीची आपली लीग, नाइकीचं ईवायबीएल, आदिदासचं थ्रीएसएसबी, अंडर आर्मरचं वेगळं. जुलैमध्ये साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ ऑगस्टाला नाइकीचा पीच जॅम होतो, एकाच बिल्डिंगमध्ये चार-पाच कोर्ट, एका बाजूला देशातली सगळ्यात भारी पोरं आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर कॉलेजचे कोच, हातात वही, तोंडावर काही नाही. पंधरा वर्षांचा पोरगा वर पाहतो तर ड्यूकचा कोच त्याच्याच मॅचला बसलाय. घरच्या कॉलेजचा पण कोच असतो, तो पण बसलेला असतो, पण पोराची नजर कुठं जाणार हे काय सांगायला पाहिजे. आणि बुटांच्या कंपनीचे करार कॉलेजांशी पण असतात, ड्यूक-केंटकी नाइकीवाले, कॅन्सस आदिदासवालं, त्यामुळे क्लबपासून कॉलेजपर्यंत एक पाईपच तयार होतो. या पाईपमधून काय काय वाहतं ते २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एफबीआयनं बाहेर काढलं, आदिदासची माणसं पोरांच्या घरच्यांना पैसे देऊन कंपनीच्या कॉलेजांकडे वळवत होती, त्यात लुईव्हिलचा कोच रिक पिटीनोची नोकरी गेली.

अँथनी डेव्हिसची गोष्ट मला याच्यासाठी फार आवडते. शिकागोच्या एका चार्टर शाळेत होता, बास्केटबॉलमध्ये कोणी नाव घेत नव्हतं त्या शाळेचं. उंची बेताची, गार्ड, म्हणजे बॉल हाताळणाऱ्या बुटक्या खेळाडूच्या जागी, खेळायचा, ऑफर म्हणावी तर क्लीव्हलँड स्टेटची. मग दीड-दोन वर्षांत सात-आठ इंच वाढला, हातातली बॉलवरची कला गार्डची आणि अंगानं सहा फूट दहा. २०१० च्या वसंतात तो क्लब सर्किटवर खेळला आणि काही आठवड्यांत देशातल्या टॉप पोरांमध्ये आला, त्याच ऑगस्टमध्ये केंटकीला हो म्हणाला. शेवटच्या यादीत डीपॉल होतं बरं का. म्हणजे तो शहरात होता, सार्वजनिक लीगमध्ये खेळत होता, कुणालाही जाऊन बघता आलं असतं, पण जगाला दिसला तेव्हा सगळ्यांनाच एकदम दिसला आणि मग शर्यत बरोबरीची राहिली नाही. तेव्हा नुकतंच काय झालं होतं पाहा ना, २०१० च्या जूनमध्ये केंटकीची पाच पोरं ड्राफ्टच्या पहिल्या राउंडमध्ये गेली होती, जॉन वॉल तर पहिलाच. डेव्हिसच्या आईबापांपुढे केंटकीचा कोच कॅलिपारीला बोलायची गरजच नव्हती, नुसती यादी ठेवली तरी झालं. २०१२ ला केंटकी चॅम्पियन, फायनलला डेव्हिसनं दहापैकी एकच शॉट टाकला, फक्त ६ पॉइंट, पण १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉक, आणि बेस्ट प्लेअर तोच. घरच्या कॉलेजात असता तर त्याला पंचवीस पॉइंट काढावेच लागले असते, नाहीतर टीम हरली असती. तिथं त्याला जे येतं तेवढंच करायची मुभा होती. ही मुभा फार मोठी चीज आहे आणि लोक तिच्याबद्दल बोलतच नाहीत.

लोकांना वाटतं ओळखपाळख असली की पोरगा थांबतो. थांबतो की, पण ओळख कशी त्यावर आहे. ड्यूकचा आत्ताचा कोच जॉन शायर, तो आमच्याच बाजूचा, नॉर्थब्रूकचा, ग्लेनब्रूक नॉर्थ शाळेचा. २००५ ला स्टेट चॅम्पियन, त्याच वर्षी एका मॅचमध्ये शेवटी शेवटी पंचाहत्तर सेकंदात २१ पॉइंट टाकले होते, इथले जुने लोक अजून सांगतात. त्याच्या शाळेचा कोच डेव्ह वेबर, आणि तेव्हा इलिनॉयचा कोच कोण तर ब्रूस वेबर, सख्खा भाऊ! आणि इलिनॉय नुकतंच २००५ च्या फायनलला जाऊन आलेलं. यापेक्षा घरचं काय असू शकतं? तरी पोरगा ड्यूकला गेला आणि २०१० ला चॅम्पियन झाला. आता तोच माणूस दुसऱ्यांच्या गावातली पोरं घेऊन जातो, आणि त्याला घरच्यांशी कसं बोलायचं ते कोणी शिकवायची गरज नाही, तो टेबलाच्या त्या बाजूला बसून आलाय.

अजून एक कारण आहे ते मी आईबापांना नेहमी सांगते, की या पोरांचं "घर" आपल्याला वाटतं तिथं राहिलेलंच नसतं. ओकाफोर शिकागोच्या व्हिटनी यंगचा आणि टायस जोन्स मिनेसोटाचा, पण दोघं चौदा-पंधराव्या वर्षापासून अमेरिकेच्या ज्युनियर टीममध्ये एकत्र, २०१२ ला अंडर-१७ वर्ल्ड चॅम्पियनशिप एकत्र जिंकली, ओकाफोर त्यात बेस्ट प्लेअर, टेक्ससचा जस्टिस विन्स्लो पण त्याच टीममध्ये. आणि सीनियर टीमचा कोच त्या काळात कोण, तर ड्यूकचेच क्रिझेव्स्की, ज्यांच्या हाताखाली कोबी आणि लेब्रॉन ऑलिंपिक गोल्ड जिंकले. मग २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ओकाफोर आणि जोन्सनं एकाच वेळी ड्यूक जाहीर केलं, विन्स्लो पण आला, आणि २०१५ ला तिघं चॅम्पियन, फायनलला जोन्सनं २३ पॉइंट टाकले. त्यांचे जिवलग मित्र गल्लीतले नव्हतेच, ते विमानतळावर आणि हॉटेलात भेटलेले होते. मिनेसोटाच्या कॉलेजनं टायस जोन्सला काय द्यायला हवं होतं? त्याचा मित्र तर त्यांच्याकडे नव्हता.

आणि घरची अडचण ती वेगळीच. मॅच घरापासून वीस मिनिटांवर असली की चुलत भाऊ, शेजारी, तिसरीतल्या बाई, सगळ्यांना तिकीट पाहिजे. हरल्यावर त्याच रस्त्यानं घरी यायचं, न्हाव्याकडे गेलं तरी तो विचारणार की लास्ट शॉट तू का नाही मारलास. माझ्याकडच्या एका मुलीची आई मला म्हणाली होती, ताई हिला लांबच पाठवा, इथं राहिली तर माझ्या सासरची सगळी फौज रोज हॉस्टेलवर जेवायला बोलवेल. हसायची गोष्ट नाही, ती मुलगी मैल दोन मैल नाही तर दोन राज्यं ओलांडून गेली आणि तिथं फार शांत खेळली.

घरच्या कॉलेजांची पण चूक असते हं. आमच्या एका पोराला जवळच्याच एका कॉलेजचं पत्र आलं, नाव चुकीचं आणि पोझिशन पण चुकीची, छापील पत्र होतं कुणाला तरी पाठवायचं ते याला आलं. त्याच आठवड्यात सहाशे मैलांवरच्या कॉलेजचा असिस्टंट कोच त्याच्या जेव्ही मॅचला येऊन बसला, जेव्ही! शाळेची दुय्यम टीम! पोरगा कुठं गेला असेल ते ओळखा. जवळ असल्यामुळे तो आपलाच आहे असं धरून चालायचं, ही खोड बऱ्याच जणांना असते.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी एवढं टाइप करतेय. सगळे धरून चालतात की मोठ्या कॉलेजला गेलं तरच एनबीए. एकदम वरच्या पोरांसाठी हे खरं नाही. २००६ च्या ड्राफ्टपासून नियम असा की हायस्कूलनंतर एक वर्ष थांबायचं आणि वय एकोणीस पाहिजे, त्याआधी १९९५ ला केव्हिन गार्नेट शिकागोच्या फॅरागटमधून थेट एनबीएला गेलाच होता. म्हणजे टॉपच्या पोरासाठी कॉलेज हे एका वर्षाचं वेटिंग रूम आहे, आणि एनबीएच्या स्काउटांनी त्याला पंधराव्या वर्षीच पाहून ठेवलेलं असतं. मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टनला गेला, टीम ९ जिंकली २२ हरली, तरी २०१७ ला ड्राफ्टमध्ये पहिला. अँथनी एडवर्ड्स अटलांटाचा, घरच्या जॉर्जियालाच थांबला, टीम १६-१६, तरी २०२० ला पहिला. डिलन हार्पर न्यू जर्सीचा, घरच्या रटगर्सला गेला, सोबत एस बेली, दोघं देशातल्या टॉप पाचमधले, टीम १५-१७, टूर्नामेंट पण नाही, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एक दुसरा आणि एक पाचवा. उलट जबारी पार्कर ड्यूकला गेला, २०१४ ला टूर्नामेंटच्या पहिल्याच मॅचला मर्सर नावाच्या छोट्या कॉलेजनं हरवलं, ७८-७१, आणि तरी ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर दुसरा लागला. म्हणजे जिंका हरा, मोठं छोटं, वरच्या पाचांना फारसा फरक पडत नाही. ते मोठ्या ठिकाणी जातात ते रोजच्या प्रॅक्टिसला समोर तेवढाच भारी पोरगा मिळतो म्हणून, टीव्ही म्हणून, मित्र म्हणून, आणि जिंकायचंय म्हणून. त्यात वाईट काय आहे मला कळत नाही, गद्दार वगैरे शब्द वापरतात लोक ते ऐकून डोकं फिरतं, अठरा वर्षांचं लेकरू आहे ते.

फरक पडतो तो देशात तिसाव्या ते शंभराव्या नंबरच्या पोराला, आणि नेमका तोच टॉपवाल्यांची नक्कल करतो. साधा हिशोब करा. कॉलेजची मॅच चाळीस मिनिटांची, पाच जण कोर्टवर, म्हणजे टीमला एकूण दोनशे मिनिटं मिळतात. मोठ्या टीमचे आठ-नऊ जण ती खाऊन टाकतात, बाकीचे टॉवेल हलवतात. केंटकीकडे २०१४-१५ ला मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन, म्हणजे हायस्कूलच्या देशातल्या निवडक यादीत आलेली, नऊ पोरं होती, दरवर्षी देशात मुलांमध्ये चोवीसच होतात ते, त्यातली नऊ एका टीममध्ये! कॅलिपारीनं पाच-पाचच्या दोन तुकड्या करून खेळवलं, ३८ सलग जिंकले आणि फायनल फोरला विस्कॉन्सिनकडून हरले. त्या टीममध्ये डेव्हिन बुकर बेंचवरून यायचा, वीस-बावीस मिनिटं मिळायची, तरी तेरावा गेला ड्राफ्टमध्ये आणि पुढं एनबीएचा स्टार झाला. पण बुकर सांगून आपण स्वतःला फसवतो. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेज, पोरं पाच हजारांच्या वर, आणि ड्राफ्टमध्ये साठच्या आसपास नावं, त्यात जगभरातली पोरं पण आली. बेंचवर बसलेल्या चाळिसाव्या नंबरच्या पोराचं नाव तिथं कोण घेणार?

एनबीएचा स्टार स्टेफ करीचं उदाहरण सगळे देतात म्हणून द्यायला लाज वाटते पण बसतं अगदी. शार्लटचा पोरगा, बाप डेल करी व्हर्जिनिया टेकचा हीरो, आणि त्या कॉलेजनं मुलाला स्कॉलरशिप दिली नाही, वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्वतःच्या खर्चानं, ये म्हणाले. तो घराजवळच्या डेव्हिडसनला गेला, तिथं त्याच्या हातात बॉल दिला आणि चुकू दिलं, २००८ ला ते टूर्नामेंटच्या एलिट एट, म्हणजे शेवटच्या आठांपर्यंत, गेले आणि कॅन्ससकडून दोन पॉइंटनं हरले. दुसरं त्याहून मजेशीर, झायन विल्यमसन आणि जा मोरांट साउथ कॅरोलिनाचे, एकाच क्लब टीममध्ये खेळलेले. झायनला घरचं क्लेमसन मिळेल असं सगळे धरून बसलेले, २०१८ ला त्यानं ड्यूक म्हटलं. मोरांटला कोणी विचारत नव्हतं, एका कॅम्पला दुसऱ्याच पोराला बघायला आलेल्या मरे स्टेटच्या असिस्टंटला तो बाजूच्या जिममध्ये थ्री-ऑन-थ्री खेळताना दिसला. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये झायन पहिला, मोरांट दुसरा. एकाला घर मागत होतं, त्यानं सोडलं. दुसऱ्याला घराच्या कॉलेजनं विचारलं तेव्हा उशीर झाला होता.

थांबणारे पण आहेत, आणि का थांबतात ते बघितलं तर प्रत्येकाचं कारण एकदम ठोस असतं, नुसतं मातीचं प्रेम नाही. आमचा अयो डोसुन्मू, मॉर्गन पार्क शाळेचा, इलिनॉयला गेला तेव्हा टीम पडलेली होती, कोच म्हणाला तूच ही टीम. तीन वर्षं थांबला, २०२१ ला ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, झाला, इलिनॉय टूर्नामेंटमध्ये पहिल्या सीडचं, म्हणजे सगळ्यात वरच्या मानांकनाचं. आणि त्यांना हरवलं कुणी तर लॉयोला शिकागोनं! शिकागोनंच शिकागोच्या पोराला घरी पाठवलं, त्या दिवशी आमच्या स्टाफ रूममध्ये अर्धे हसत होते अर्धे शिव्या देत होते. ड्राफ्टमध्ये ३८ वा, तोही शिकागोच्या बुल्सनीच घेतला. मुलींमध्ये केटलिन क्लार्क, वेस्ट डे मॉइनची, नॉत्र दाम मागे लागलेलं, पण तिनं घरापासून दोन तासांवरचं आयोवा घेतलं, कारण तिथं तिच्या खेळाभोवती टीम बांधायची तयारी होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला बघायला फुटबॉलच्या मैदानावर ५५,६४६ माणसं आली, साध्या सराव मॅचला. समोर टीम होती डीपॉलची, बिचारे.

काही वेळा कॉलेज घरच्यांनाच नोकरी देतं. मायकल पोर्टर ज्युनियर मिझुरीला आला तेव्हा वडिलांना तिथंच असिस्टंट कोच म्हणून घेतलं होतं. नियमात बसतं. पण पाठीच्या ऑपरेशनमुळे तीनच मॅचेस खेळला. मेम्फिसला पेनी हार्डवे कोच म्हणून आला, तो स्वतः मेम्फिसचा आणि तिथंच खेळलेला, त्यानं जेम्स वाइझमनला घेतलं, मग निघालं की पोराच्या कुटुंबाला घर बदलायला त्यानं आधी ११,५०० डॉलर दिले होते, कॉलेज खेळाची संस्था एनसीएएनं अडवलं, वाइझमन पण तीन मॅचेस. गंमत बघा, त्यानंतर दीड-दोन वर्षांत, जुलै २०२१ पासून, पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून उघड पैसे घ्यायची परवानगी मिळाली, आणि २०२५ च्या जूनमधल्या कोर्टाच्या सेटलमेंटनंतर कॉलेज स्वतःच पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ११,५०० ला आता कोणी मान वर करून पण बघणार नाही.

पैशामुळे घरच्या कॉलेजचं फावलं का, तर थोडं. ज्यांच्याकडे मोठी फुटबॉल टीम आहे त्यांचा बराच पैसा तिकडे जातो, डीपॉलला फुटबॉलच नाही, म्हणजे निदान कागदावर तरी बास्केटबॉलला हात सैल सोडता येतो. ए. जे. डिबान्सा मॅसॅच्युसेट्सचा, देशातला टॉप पोरगा, २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यानं युटाच्या बीवाययूला हो म्हटलं, जे नाव पंधरा वर्षांपूर्वी या यादीत कोणी घेतलं नसतं. घरचं नाही, पण जुन्या बड्यांपैकी पण नाही. आणि २०२४ पासून ट्रान्सफर कितीही वेळा, वर्षभर बसायची शिक्षा नाही, त्यामुळे आता अठराव्या वर्षी गाव सोडलेला पोरगा विसाव्या वर्षी परत येऊ शकतो. याच्यामुळे मोठे कोच कच्च्या पोरांऐवजी बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी उचलतायत, आणि हायस्कूलच्या मधल्या पोरांच्या जागा कमी झाल्यात, हे तुमच्या पोराच्या दृष्टीनं ड्यूक-डीपॉलपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

मला सगळ्यात जवळची वाटते ती फ्लॅग भावांची गोष्ट. मेनमधलं न्यूपोर्ट, छोटंसं गाव, कूपर आणि एस जुळे. आई केली नव्वदच्या दशकात मेन युनिव्हर्सिटीकडूनच खेळलेली. दोघं गावच्या नोकोमिस शाळेला २०२२ ला स्टेट चॅम्पियनशिप जिंकून देतात आणि लगेच फ्लोरिडाच्या माँटव्हर्डी अकॅडमीला निघून जातात, पंधराव्या वर्षी. म्हणजे कूपरनं २०२३ ला ड्यूक निवडलं तेव्हा त्यानं घर सोडलं नाही, ते आधीच सुटलं होतं. आणि मेनची मुलांची टीम एनसीएए टूर्नामेंटला आजपर्यंत गेलेली नाही, तिथं त्यानं यावं असं गावातही कोणी मनापासून म्हणत नव्हतं. ड्यूकनं पण डोकं लावलं, ४ नोव्हेंबर २०२४ ला सीझनची पहिली मॅच कुणाशी ठेवली तर मेनशी, ९६-६२ जिंकले, कूपरचे १८ पॉइंट. पुढच्या जूनमध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला गेला. आणि एस? तो मेनला गेला, आईच्या कॉलेजला. एकाच आईची दोन पोरं, एकाच दिवशी जन्मलेली, दोघांनी आपापल्या खेळाला झेपेल तेच घेतलं, आणि मला दोघांचंही बरोबर वाटतं.

आता दादा तुमच्या पोराचं. नववीत आहे, उंची अजून वाढेल की नाही माहीत नाही, त्यामुळे आत्ता कॉलेजची नावं घेऊच नका घरात. ऑफर आलीच कधी तर कोचला तीन गोष्टी विचारा: याच्या पोझिशनवर तुमच्याकडे पुढच्या वर्षी कोण कोण आहे, गेल्या तीन वर्षांत तुम्ही घेतलेल्या फ्रेशमनपैकी (पहिल्या वर्षाची पोरं) किती जण अजून इथं आहेत, आणि तुम्ही स्वतः किती वर्षं थांबणार आहात. तिसऱ्याला तो हसेल, हसला की लक्ष द्या. कॅलिपारीसारखा माणूस पंधरा वर्षांनी २०२४ ला केंटकी सोडून अर्कान्सासला गेला आणि ज्या पोरांनी त्याच्या भरवशावर सही केली होती ती लटकली, काही त्याच्या मागे गेली. कॉलेज बघून जा म्हणतात, पोरं जातात कोच बघून, आणि कोच जातात पैसे बघून.

आणि या हिवाळ्यात त्याला डीपॉलच्या मॅचला न्या एकदा, विन्ट्रस्टला. तासभर आधी पोचा म्हणजे वॉर्म-अप मिळतो. खाली बेंचच्या मागच्या बाजूला बसवा आणि सांगा की बॉल बघू नकोस, तो जो आठ नंबरचा पोरगा बसलाय ना जॅकेट घालून, दोन तास फक्त त्याला बघ. तो पण कुठल्यातरी शाळेचा सगळ्यात भारी पोरगा होता. घरी येताना गाडीत तो काय विचारतो ते मला कळवा.